फिलिपिन्सचे दुहेरी नागरिकत्व: मिळवणे आणि टिकवणे

दुहेरी नागरिकत्व कोणताही एक देश देऊ शकत नाही. फिलिपिन्स फार तर एवढे म्हणू शकतो की, ‘तुम्ही दुसऱ्या देशाचे नागरिक असलात तरी आमचेही आहात’. तो दुसरा देश काय म्हणतो हे त्याच्या कायद्यावर ठरते. म्हणून या विषयातला प्रत्येक निर्णय दोन कायदे शेजारी ठेवून घ्यावा लागतो. शिवाय दोन्ही कायद्यांत बहुतेक प्रश्नांचा निकाल तारखांवर लागतो: जन्माची तारीख, परदेशी नागरिकत्व स्वीकारल्याची तारीख, शपथेची तारीख. अर्ज भरण्यापूर्वी कुटुंबातील प्रत्येकाच्या या तारखा एका कागदावर लिहून काढल्या, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. जो जन्माने फिलिपिनो होता त्याच्यासाठी परतीचा दरवाजा सताड उघडा आहे, तर जो कधीच फिलिपिनो नव्हता त्याच्यासाठी तो जेमतेम किलकिला आहे. फिलिपिनो व्यक्तीशी विवाह केला की नागरिकत्व मिळते हा समज सर्वत्र आढळतो आणि तो सरसकट खरा नाही.

पहिली पायरी: आपण कोणत्या गटात मोडतो ते ठरवा

फिलिपिन्समध्ये नागरिकत्व जन्मस्थळावरून नव्हे, रक्ताच्या नात्यावरून ठरते. १९८७ च्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार ज्याची आई किंवा वडील त्याच्या जन्माच्या दिवशी फिलिपिनो नागरिक होते तो जन्मसिद्ध नागरिक ठरतो, मग त्याचा जन्म मनिलात झालेला असो, दुबईत असो वा पुण्यात. अमेरिका किंवा कॅनडासारख्या, आपल्या भूमीवर जन्मलेल्याला नागरिकत्व देणाऱ्या देशात असे मूल जन्मले, तर ते पहिल्या श्वासापासून दोन्ही देशांचे नागरिक असते. त्याला कोणतीही शपथ घ्यायची नसते आणि कोणताही अर्ज करून नागरिकत्व ‘मिळवायचे’ नसते. फक्त त्या देशातील फिलिपीन वकिलातीत जन्माची नोंद करायची असते. नोंद लहानपणी राहून गेली असेल तर ती विलंबाने करता येते. परदेशी पासपोर्टवर फिलिपिन्समध्ये आलेल्या प्रौढ व्यक्तीला तेथील इमिग्रेशन ब्युरोकडे ‘फिलिपिनो नागरिक म्हणून मान्यता’ मिळवण्याचा अर्जही करता येतो. वडील फिलिपिनो असून आईवडिलांचा विवाह झालेला नसेल, तर पितृत्वाचा लेखी पुरावा जोडावा लागतो.

एक अपवाद मात्र जुन्या लोकांना अडवतो. १७ जानेवारी १९७३ पूर्वी फिलिपिनो आई आणि परदेशी वडिलांच्या पोटी जन्मलेल्यांना सज्ञान झाल्यावर आपण फिलिपिनो नागरिकत्व निवडत आहोत असे शपथेवर लिहून द्यावे लागत असे, आणि न्यायालयांनी त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत रास्त मानली होती. ज्यांनी ती निवड तेव्हा केली नाही त्यांची वेळ केव्हाच उलटून गेली आहे, त्यामुळे अशा व्यक्तीने तेथील वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज शुल्क भरू नये.

दुसरा गट सर्वांत मोठा आहे: जन्माने फिलिपिनो असलेले, पण नंतर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचे नागरिकत्व स्वीकारलेले लोक. १९३६ च्या कॉमनवेल्थ अ‍ॅक्ट ६३ नुसार परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यावर त्यांचे फिलिपिनो नागरिकत्व जात असे. २९ ऑगस्ट २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापगाल-आरोयो यांनी स्वाक्षरी केलेल्या रिपब्लिक अ‍ॅक्ट ९२२५ ने हे चित्र बदलले. या कायद्यापूर्वी परदेशी नागरिक झालेल्यांना निष्ठेची शपथ घेऊन नागरिकत्व परत मिळते आणि त्यानंतर झालेल्यांना तीच शपथ घेऊन ते कायम राखता येते. कायदा फक्त जन्मसिद्ध नागरिकांसाठी आहे. जो मुळात अर्ज करून फिलिपिनो झाला होता आणि नंतर तिसऱ्या देशाचा नागरिक बनला, त्याला याचा लाभ नाही.

तिसरा गट अल्पवयीन मुलांचा, आणि पाणी मुरते ते इथेच. शपथ घेणाऱ्या व्यक्तीच्या अविवाहित आणि १८ वर्षांखालील मुलांना, ती औरस असोत, अनौरस असोत वा दत्तक, पालकाबरोबर नागरिकत्व मिळते. समजा, १९७२ मध्ये सेबूत फिलिपिनो आईवडिलांच्या पोटी जन्मलेली एक परिचारिका २००१ मध्ये अमेरिकी नागरिक झाली. तिचा मुलगा १९९९ चा आहे. त्याच्या जन्माच्या वेळी आई फिलिपिनोच होती, त्यामुळे तो जन्मसिद्ध नागरिक आहे आणि त्याने केवळ जन्मनोंदणी करावी. मुलगी २०१० ची आहे. तिच्या जन्मावेळी आई केवळ अमेरिकी होती. या मुलीला नागरिकत्व मिळायचे असेल तर २०२८ मधील तिच्या अठराव्या वाढदिवसाआधी आईने शपथ घेतली पाहिजे आणि अर्जात मुलीचे नाव घातले पाहिजे. एका दिवसाचा उशीर झाला तरी हा मार्ग बंद होतो. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणून शपथ पुढे ढकलणाऱ्या पालकांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते, आणि ते भरून काढता येत नाही.

दुसरी पायरी: शपथेआधी दुसऱ्या देशाचा कायदा वाचा

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, स्वीडन हे देश आपल्या नागरिकाने दुसरे नागरिकत्व घेण्याला आडकाठी करत नाहीत. डेन्मार्कने २०१५ मध्ये, नॉर्वेने २०२० मध्ये आणि जर्मनीने जून २०२४ मध्ये हीच वाट धरली. स्पेनचे धोरण तर फिलिपिन्सला विशेष अनुकूल आहे. जुन्या वसाहतीच्या नात्यामुळे फिलिपिनो व्यक्तीला तेथे एरवीच्या दहा वर्षांऐवजी दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागत नाही.

याउलट जपानच्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या अकराव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे जपानी नागरिकत्व संपते. सिंगापूर आणि मलेशिया यांनाही दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. भारताचेही तसेच: विवाहानंतर भारतीय नागरिक झालेल्या फिलिपिनो स्त्रीने ही शपथ घेतली, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मुळे तिचे भारतीय नागरिकत्व राहत नाही. मनिलातील अधिकारी शपथ देताना हे विचारणार नाही, कारण तो त्याचा प्रश्नच नाही. परदेशात सैन्यात, सुरक्षा-संवेदनशील सरकारी सेवेत किंवा निवडून आलेल्या पदावर असलेल्यांनी तर शपथेआधी आपल्या विभागाचे नियम पाहावेतच. शिवाय परदेशी सैन्यात सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला आणि परदेशात सार्वजनिक पद भूषवणाऱ्याला अ‍ॅक्ट ९२२५ स्वतःहूनही फिलिपिन्समधील मतदानाचा व पदाचा हक्क देत नाही.

तिसरी पायरी: कागद जुळवा

अर्ज परदेशात असल्यास त्या भागाच्या फिलिपीन दूतावासात किंवा वकिलातीत आणि फिलिपिन्समध्ये असल्यास इमिग्रेशन ब्युरोकडे करायचा असतो; ब्युरोचे मुख्य कार्यालय मनिलाच्या इंट्रामुरोस भागात आहे. भारतात राहणाऱ्यांसाठी दूतावास नवी दिल्लीत आहे.

मुख्य कागद म्हणजे फिलिपीन सांख्यिकी प्राधिकरणाने दिलेला जन्मदाखला. त्यासोबत परदेशी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, चालू परदेशी पासपोर्ट, असल्यास जुना फिलिपीन पासपोर्ट, विवाहितांसाठी विवाहाचा दाखला, छायाचित्रे आणि भरलेला अर्ज. मुलांसाठी त्यांचा जन्मदाखला व पासपोर्ट लागतो. विवाह परदेशात झाला असेल तर तो वकिलातीत नोंदवलेला असणे सोयीचे ठरते, विशेषतः पुढे पासपोर्टवर पतीचे आडनाव हवे असल्यास. परदेशातील सार्वजनिक दाखल्यांवर बहुधा अपॉस्टिलचा, म्हणजे दाखला खरा असल्याची आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केलेली खूण असलेला, शिक्का घ्यावा लागतो. फिलिपिन्स मे २०१९ पासून त्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने वकिलातीतून प्रत्येक कागद प्रमाणित करून घेण्याची जुनी दगदग बरीच कमी झाली आहे.

खरी अडचण कागद नसण्याची नसते, कागदांवरची नावे न जुळण्याची असते. फिलिपिनो पद्धतीत मधले नाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. विवाहित स्त्री पतीचे आडनाव लावते तेव्हा तिचे स्वतःचे माहेरचे आडनाव मधल्या जागी सरकते. मराठी घरात त्याच जागी वडिलांचे किंवा पतीचे नाव बसते. त्यामुळे मराठी वडील आणि फिलिपिनो आई असलेल्या मुलाचे नाव मनिलाच्या दाखल्यावर एक आणि महाराष्ट्रातल्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे असा प्रकार सहज घडतो. पहिल्या दाखल्यापासूनच एक रूप ठरवून ते सर्वत्र वापरावे, आणि फरक पडलाच असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

फिलिपीन जन्मदाखल्यातील स्पेलिंगच्या किरकोळ चुका न्यायालयात न जाता स्थानिक नागरी निबंधकाकडून दुरुस्त करता येतात. २००१ च्या अ‍ॅक्ट ९०४८ ने ही सोय दिली आणि २०१२ च्या अ‍ॅक्ट १०१७२ ने जन्माचा दिवस, महिना आणि लिंग यांच्या नोंदीतील चुकांपर्यंत ती वाढवली. जन्माचे वर्ष किंवा पालकांचे नाव बदलायचे असेल तर मात्र न्यायालयाला पर्याय नाही. जन्मनोंदणी अनेक वर्षांनी झालेली असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचे जुने उतारे असे पूरक पुरावे मागितले जातात. ही कामे महिनोन्‌महिने चालतात, म्हणून ती शपथेची तारीख घेण्याआधी हाती घ्यावीत.

चौथी पायरी: शपथ

या पायरीवर फार काही घडत नाही. कागद तपासून झाल्यावर अधिकाऱ्यासमोर फिलिपिन्सशी निष्ठेची शपथ घ्यायची. तिच्यात परदेशी नागरिकत्व सोडल्याचा उल्लेख नसतो, आणि हेच तिचे वैशिष्ट्य आहे. अमेरिकेतील वकिलातींमध्ये मुख्य अर्जदाराला ५० डॉलर आणि प्रत्येक मुलामागे २५ डॉलर शुल्क आकारले जाते. शेवटी शपथपत्र, मंजुरीचा आदेश आणि ओळख प्रमाणपत्र हे तीन कागद हाती येतात. त्यांच्या रंगीत स्कॅन प्रती आणि दोन-तीन साक्षांकित प्रती लगेच करून ठेवाव्यात, कारण पासपोर्टपासून जमिनीच्या खरेदीपर्यंत सर्वत्र हेच कागद विचारले जातात.

शपथेचा परिणाम मागच्या तारखेपासून होतो असे गृहीत धरू नये. तरुणपणी कॅनडाचे नागरिक झालेल्या एका गृहस्थांनी शपथ घेण्याच्या काही महिने आधी सरकारी जमिनीच्या अर्जात स्वतःला फिलिपिनो म्हटले होते. नंतर घेतलेल्या शपथेने ते आधीचे विधान खरे ठरत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्यावरील खोट्या कथनाचा खटला थांबवण्यास नकार दिला. म्हणून आधी शपथ, मग सही.

पाचवी पायरी: नागरिक म्हणून वावरताना

पासपोर्टसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे आणि अल्पवयीनांचा पाच वर्षे चालतो. तो काढला नाही किंवा त्याची मुदत संपली म्हणून नागरिकत्व जात नाही. परदेशी पासपोर्टवर प्रवास करायचा असेल तर ओळख प्रमाणपत्र सोबत ठेवावे, म्हणजे फिलिपिन्समधील वास्तव्यावर परदेशी पर्यटकाची मुदत लागत नाही. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत शिरताना आणि तेथून निघताना अमेरिकी पासपोर्टच वापरावा असा तेथील कायदा आहे. विमानाचे तिकीट दोन्ही पासपोर्टांवर जुळेल अशाच नावाने काढावे.

जमीन हा अनेकांच्या परतीचा खरा हेतू असतो. परदेशी व्यक्तीला फिलिपिन्समध्ये वारसाहक्काखेरीज जमिनीची मालकी मिळत नाही. सदनिका संकुलातील परदेशी हिस्साही ४० टक्क्यांपर्यंतच राहू शकतो. शपथ न घेतलेल्या माजी फिलिपिनोला निवासासाठी शहरात १,००० चौरस मीटर किंवा ग्रामीण भागात एक हेक्टर आणि व्यवसायासाठी अनुक्रमे ५,००० चौरस मीटर किंवा तीन हेक्टर अशी मर्यादा आहे. दुहेरी नागरिकाला ही मर्यादा लागू नाही. परदेशी जोडीदाराने पैसे घातले तरी तो मालक होत नाही, आणि संसार मोडला तर ते पैसे परत मिळतील याचीही खात्री नाही: २००६ मध्ये एका जर्मन पतीने पत्नीच्या नावावर घेतलेल्या जमिनीसाठी दिलेली रक्कम मागितली, तेव्हा घटनेने मनाई केलेल्या व्यवहाराची भरपाई मागता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. फिलिपिनो पत्नीच्या गावी घर बांधायला निघालेल्या मराठी जावयाने हा निवाडा आधी समजून घ्यावा.

कराबाबत भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या. परदेशात राहणाऱ्या फिलिपिनो नागरिकाला फक्त फिलिपिन्समधील उत्पन्नावर कर द्यावा लागतो. शपथ घेतली म्हणून बोस्टनच्या पगारावर मनिलाचा कर लागत नाही. पण कायमचे परतलेल्या निवासी नागरिकाचे जगभरातील उत्पन्न करपात्र ठरते. अमेरिका तर आपल्या नागरिकावर तो कुठेही राहिला तरी कर आकारते, आणि परदेशी बँक खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती दरवर्षी कळवणे बंधनकारक आहे. मनिलात उघडलेले बचत खातेही त्यात मोजले जाते.

डॉक्टर, परिचारिका, अभियंते, वकील यांना नागरिकत्वाबरोबर व्यवसायाचा परवाना आपोआप मिळत नाही. संबंधित प्राधिकरणाकडे तो स्वतंत्रपणे मागावा लागतो. परदेशातून मतदानासाठी नाव नोंदवता येते, मात्र सलग दोन राष्ट्रीय निवडणुकांत मतदान केले नाही तर नोंदणी निष्क्रिय होते.

सार्वजनिक पद हवे असल्यास

इथे दुहेरी नागरिकत्व पुरत नाही. निवडणूक लढवणाऱ्याने उमेदवारी अर्ज भरताना सर्व परदेशी नागरिकत्वांचा वैयक्तिक आणि शपथपूर्वक त्याग करावा लागतो, आणि तो त्याग निष्ठेच्या शपथेहून वेगळा असतो. लानाओ देल नोर्ते प्रांतातील काउस्वागानचे महापौर रोमेल आर्नादो यांनी असा त्याग केला होता, पण त्यानंतरही त्यांनी अमेरिकी पासपोर्टवर प्रवास केला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २०१० च्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवले. माजी सिनेटर ग्रेस पो यांनी २००६ मध्ये शपथ घेतली आणि सरकारी पद स्वीकारताना २०१० मध्ये अमेरिकी नागरिकत्वाचा त्याग केला. त्या बेवारस सापडलेले, जन्मदाते अज्ञात असलेले बालक होत्या, मग त्या जन्मसिद्ध नागरिक आहेत का, हा प्रश्न २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने सोडवला. परराष्ट्रमंत्री पेर्फेक्तो यासाय यांना मात्र मार्च २०१७ मध्ये अमेरिकी नागरिकत्वाच्या प्रश्नावरूनच पद सोडावे लागले.

जन्माने फिलिपिनो नसलेल्यांसाठी

१९३९ चा कॉमनवेल्थ अ‍ॅक्ट ४७३ हा मुख्य मार्ग. किमान २१ वर्षे वय, सलग दहा वर्षांचे वास्तव्य, चांगले चारित्र्य, उपजीविकेचे भक्कम साधन, इंग्रजी किंवा स्पॅनिशबरोबर एखादी प्रमुख फिलिपीन भाषा लिहिता-बोलता येणे आणि मुलांना तेथील इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शाळेत घातलेले असणे, अशा अटी आहेत. फिलिपिनो स्त्रीशी विवाह केलेल्या पुरुषाला, तेथे जन्मलेल्याला किंवा तेथे दोन वर्षे शिक्षक असलेल्याला वास्तव्याची अट पाच वर्षांवर येते. आपल्या देशात फिलिपिनो व्यक्तीला नागरिक होता येते हेही सिद्ध करावे लागते.

आधी सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात इराद्याची घोषणा, एक वर्षानंतर प्रादेशिक न्यायालयात याचिका, राजपत्रात आणि वृत्तपत्रात प्रसिद्धी, मग सुनावणी. अनुकूल निकालानंतरही दोन वर्षे थांबावे लागते आणि त्या काळात वर्तन निर्दोष राहिल्यासच शपथ दिली जाते. या शपथेत पूर्वीच्या देशाची निष्ठा कायमची सोडल्याचे म्हणावे लागते, म्हणजे फिलिपिन्सच्या नजरेत हे दुहेरी नागरिकत्व नव्हेच. पुढील पाच वर्षांत ती व्यक्ती मायदेशी परतून कायमची राहू लागली, तर नागरिकत्व रद्द होऊ शकते, आणि मायदेशातील एक वर्षाहून अधिक वास्तव्य हा त्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो.

फिलिपिन्समध्येच जन्मलेल्या आणि वाढलेल्या परदेशी व्यक्तींसाठी अ‍ॅक्ट ९१३९ चा प्रशासकीय मार्ग न्यायालयाविना आहे. फिलिपिनो पुरुषाच्या परदेशी पत्नीला अपात्रतेचे कारण नसल्यास पतीमागोमाग नागरिक मानण्याची तरतूद आहे. पतीला अशी सोय नाही. संसदेने खास कायदा करून नागरिकत्व दिल्याची उदाहरणे, जसे २०२३ मध्ये बास्केटबॉलपटू जस्टिन ब्राउनली यांचे, सामान्य माणसाच्या उपयोगाची नाहीत. बहुतेक परदेशी जोडीदारांना निवासाचा व्हिसाच पुरतो, आणि माझ्या मते तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

भारतीय पालक असलेल्या मुलांबाबत

फिलिपिन्समध्ये भारतीय वडील आणि फिलिपिनो आईच्या पोटी जन्मलेले मूल तेथील जन्मसिद्ध नागरिक असतेच. भारतीय नागरिकत्व हवे असल्यास जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. असे वंशाने भारतीय असलेले मूल दुसऱ्याही देशाचे नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते दुसरे नागरिकत्व सोडले नाही की भारतीय नागरिकत्व संपते. फिलिपिन्स त्याला दोन्ही ठेवू देतो, भारत देत नाही. त्यामुळे अनेक कुटुंबे मुलाला फिलिपीन पासपोर्ट काढून भारतासाठी ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड घेतात. त्या कार्डावर राहता, शिकता आणि बहुतेक नोकऱ्या करता येतात. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असलेल्या घरात वारसा आणि खरेदी यांतला हा फरक आधीच समजून घ्यावा, कारण वारशाने आलेली शेतजमीन ओसीआयधारक ठेवू शकतो, नवी विकत घेऊ शकत नाही.